गुरुपादअप्पांची पेन्सिल

माणसं झोपी जाताना बघत बसणं ही कुणाची नोकरी असू शकते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण परभणीत एका मेंदूच्या दवाखान्यात गुरुपादअप्पा अठ्ठावीस वर्षं हेच काम करत आले आहेत. आलेल्या माणसाच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या, खिडकीचा पडदा ओढायचा, पंखा एकवर ठेवायचा आणि समोरच्या स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या रेघा बघत बसायचं. या तपासणीला ईईजी म्हणतात. आमच्याकडचे लोक ईसीजीला छातीची पट्टी म्हणतात, तसं हिला डोक्याची पट्टी म्हणतात.

तपासणीच्या चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं असतं, की डोकं धुऊन या आणि तेल लावू नका. लोक डोकं धुतात. मग परभणीला जायचं, डॉक्टरसमोर बसायचं, म्हणून चापूनचोपून तेल लावतात आणि येतात. तेलकट डोक्यावर तारा टिकत नाहीत. इतर ठिकाणी अशा माणसाला दोन शब्द ऐकवून परत पाठवतात. अप्पांनी कधी पाठवलं नाही. खोलीच्या मागं छोटीशी मोरी आहे. तिथं खुर्ची टाकून ते स्वतः डोकं धुऊन देतात. बाई असेल तर सोबतच्या बाईला चोळायला सांगतात आणि आपण तोंड भिंतीकडं करून तांब्या पुढं करतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि बाह्या कोपरापर्यंत वर. मी एकदा म्हणालो की तुम्ही न्हावी व्हायचं ते चुकून इकडं आलात. त्यावर ते म्हणाले, न्हाव्याला नुसते केस दिसतात, मी त्याच्या खालचं बघतो.

मी बन्सीधर. येलदरीच्या वीजघरात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो, आता निवृत्त. स्वभावानं तिरसट आहे, हे घरचे सांगतात आणि ते खरं आहे. अप्पांची ओळख मला हौसेनं झाली नाही. गेल्या भाद्रपदात माझी बायको पंचफुला तापानं पडली. सहा दिवस ताप हटेना, सातव्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं बसल्या बसल्या काहीतरी असंबद्ध बोलली आणि आडवी झाली. जिंतूरला नेलं, तिथून परभणीला. मेंदूला सूज आली होती. पाच दिवस नळीवर श्वास, मग नळी निघाली, श्वास आपला आपण सुरू झाला, सूजही उतरली. पण ती काही उठेना. डोळे कधी अर्धे उघडायचे, पण त्यातून बघणारं कुणी नव्हतं.

आयसीयूच्या बाहेर एक लांब बाकडं होतं आणि बाकड्यासमोर अप्पांच्या खोलीचं दार. मी दिवसभर त्या बाकड्यावर. माझी मुलगी सविता पूर्ण्याहून आली होती, तिचा नवरा रेल्वेत आहे. आत भेटायला एका वेळी एकालाच सोडायचे, म्हणून ती आत असली की मी बाहेर. अप्पा दुपारचा चहा प्यायला माझ्या शेजारी येऊन बसायचे. आधी मला त्यांचा रागच यायचा. माझी बायको आत निपचित पडलेली, आणि हा माणूस चहात बिस्कीट बुडवून खायचा. पण रिकाम्या बाकड्यावर माणूस किती दिवस रागात बसणार?

ते मूळचे मानवतचे. वडील वैजीनाथ तिथल्या जिनिंगवर कापूस पारखायचे. गाडीत हात घालून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ओढायचा आणि सांगायचं, हा असा, तो तसा. लहानपणी अप्पांनी त्यांना विचारलं होतं की एकच धागा का नाही बघत, नाहीतर सगळी गाडीच का नाही बघत. वडील म्हणाले, एका धाग्याला काही ठाऊक नसतं आणि गाडीकडं बघितलं तर नुसता ढीग दिसतो. धागा बघायचा, चिमूट बघायची आणि गाडीही बघायची, तेव्हा कुठं कापूस कळतो. अप्पा म्हणायचे की मी शिकलो ते एवढंच, बाकी नांदेडला सहा महिन्यांचा कोर्स केला ते कागदापुरतं.

मी विचारलं, आमच्या वीजघरात वीज तारेतून जाते, मीटरवर दिसते. डोक्यातल्या विजेतून विचार कसा निघतो? विचार नेमका कुठं असतो?

त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. सोमवारी संध्याकाळी मठात भजन असतं, ते म्हणाले. आत शे-दीडशे माणसं टाळ घेऊन बसलेली आणि आपण भिंतीच्या बाहेर रस्त्यावर उभे. एका माणसाचा टाळ बाहेर ऐकू येत नाही. एका कोपऱ्यातल्या वीस-पंचवीस जणांनी एका ठेक्यात धरला, की त्या बाजूच्या भिंतीतून जरासा येतो. सगळ्यांनी धरला की सगळी भिंत वाजते. डोक्याची कवटी म्हणजे ती भिंत, आणि माझ्या तारा म्हणजे भिंतीला लावलेले कान. आतली एक पेशी मला कधीच ऐकू येत नाही, हजारो-लाखो एकत्र बोलल्या तरच.

म्हणजे सगळे एका सुरात वाजले की विचार, मी म्हणालो.

"उलटं हाय," अप्पा म्हणाले. "गाढ झोपेत सगळे एकच ठेका धरून बसतेत, तवा लाटा लय मोठ्या दिसतेत. जागेपणी जो तो आपल्या कामाला लागतो. ह्यो शेजाऱ्याशी बोलायलाय, त्यो लांबच्याला निरोप धाडायलाय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भजन मोडलं. ते मोडल्यालं न्हाई, तिथंच विचार चाललेला असतो."

मला सगळं कळलं असं नाही. पण त्या दिवसापासून आयसीयूच्या भिंतीकडं बघताना मला तिच्यामागं कुणीतरी टाळ घेऊन बसल्यासारखं वाटायला लागलं.

एका दुपारी त्यांनी नवीन तारा आणल्या होत्या आणि त्या तपासायला एक डोकं हवं होतं. माझं टक्कल बघून ते खूश झाले, तेलाची भानगड नाही. मी आडवा झालो. पांढरी पेस्ट गार लागत होती. पडदा ओढलेला, पंख्याचा आवाज एकसारखा, आणि उशीला कुणाकुणाच्या खोबरेल तेलाचा वास. अप्पांनी डोळे मिटायला सांगितले, मग उघडायला, मग परत मिटायला. मिटल्यावर पंधरा सत्ते किती विचारलं. मग म्हणाले, आता काही नको, पडा.

मी पडलो, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली. झोपेत येलदरीचं पाणी होतं. संध्याकाळचं, हललं तर हललं असं. मी पाण्यावरून चालत होतो आणि त्याचं मला नवल वाटत नव्हतं. पाण्याखाली वीजघराचे दिवे लागले होते. एकेक दिवा म्हणजे एकेक खोली, आणि सगळ्या खोल्यांतून कुणीतरी कामात होतं. भांडी हलत होती, कपडे वाळत घातले जात होते. मी वाकून बघत होतो की यातली पंचफुला कोणती. तर ती कोणत्याच एका खोलीत नव्हती. मी जरा वर सरकून सगळे दिवे एकदम बघितले की ती दिसायची. खाली वाकलो की पुन्हा नुसते दिवे. मला त्या स्वप्नात भीती वाटली नाही. नुसतं वाटत राहिलं, की आपण फार जवळून बघतोय.

जागा झालो तेव्हा अप्पा स्क्रीनसमोर बसून वहीत लिहीत होते. शाळेची साधी रेघी वही, हातात दोन इंच उरलेली पेन्सिल. मला त्यांनी माझ्याच रेघा दाखवल्या. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला सुबक लाट उठली होती. पंधरा सत्ते विचारलं तिथं ती विसकटली. मग झोप. आणि एका ठिकाणी, गाढ झोपेच्या जरा अलीकडं, सगळ्या रेघा एकदम उसळून खाली आल्या होत्या. अप्पांनी वही पुढं केली. तिच्यात तारखेखाली लिहिलं होतं: २.०६ ट्रकचा भोंगा. २.०९ भाजीवाला ओरडला. २.१४ झाडूवाली बाई दाराजवळून गेली, बांगड्या वाजल्या.

लाट २.१४ ला उठली होती. ट्रकच्या भोंग्याला उठली नव्हती.

त्या बांगड्यांनी मला कुणाची आठवण झाली ते बोलायचं नव्हतं, म्हणून मी विषय बदलला. म्हणालो, भाजीवाल्याची नोंद कशाला? आम्हीसुद्धा तासातासाला लॉगशीट भरायचो, पण बाहेर कावळा ओरडला हे नव्हतो लिहीत. कॉम्प्युटरमध्ये बटणं नाहीत का?

बटणं आहेत, अप्पा म्हणाले. डोळे उघडले, डोळे मिटले, हालचाल झाली. पण जग काही तेवढंच नसतं. आणि मग त्यांनी सांगितलं. पूर्वी हे सगळं कागदावर असायचं. शाईची सोळा पेनं, घडीघडीचा कागद, पावसासारखा आवाज. नवीन होते तेव्हा एका बेशुद्ध बाईच्या पट्टीत मध्येच एका ठिकाणी पेनं उसळली होती. डॉक्टरांनी विचारलं, इथं काय झालं? अप्पांना सांगता येईना. कुणी बोललं होतं, दार वाजलं होतं, की तार हलली होती? आठवेना. डॉक्टर म्हणाले तार हलली असेल. चौथ्या दिवशी त्या बाईला घरी नेलं. घरी नेलं म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

"तार हलली आसंल बी," अप्पा म्हणाले. "पन मला ठाऊक न्हाई. आठ्ठावीस वर्षं झाली, मला ठाऊक न्हाई."

तेव्हापासून वही. डॉक्टर त्यांची चेष्टा करतात, एकदा त्यांच्या वाढदिवसाला पेन्सिलींचा डबा दिला. अप्पांनी तो वापरायला काढला.

चौदाव्या दिवशी पंचफुलेची पट्टी काढायची ठरली. डॉक्टरीणबाई वयानं सवितेपेक्षाही लहान, पण स्पष्ट बोलणारी. तिनं सवितेला आणि मला बसवून सांगितलं. आता मेंदूचा प्रतिसाद बघायचा. हाक मारली, टाळी वाजवली, नखाला चिमटा काढला, तर रेघा बदलतात का? बदलल्या तर आशा धरता येईल. एवढ्या एकाच गोष्टीवर काही ठरत नाही, पण काहीच बदललं नाही तर मात्र घरी नेण्याचा विचार करा. सविता मान हलवत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

त्या दिवशी सकाळी सवितेनं काय करावं? आईचं डोकं तापलंय म्हणून पाव वाटी खोबरेल तेल जिरवलं आणि घट्ट वेणी घातली. अप्पा मशीन ढकलत आयसीयूत गेले, केसांना हात लावला. गरम पाणी मागवलं. पलंगाच्या कडेला मान आणून, खाली टब धरून त्यांनी आणि सवितेनं मिळून ते केस तीनदा धुतले. सविता नंतर सांगत होती, आईचं डोकं त्यांनी तळहातावर असं धरलं होतं जसं सकाळी पूजेला लिंग धरतात.

मी बाहेर होतो. सवितेकडून कळलं ते असं. अप्पांनी हाक मारली, पंचफुलाबाई. तीनदा मारली, मोठ्यानं, दोन्ही कानांशी. टाळी वाजवली. चिमटा काढला. सवितेनं आई, आई अशा हाका मारल्या, मग रडायला लागली. रेघा संथ चालल्या होत्या तशाच चालल्या. मध्येच मी आत गेलो. माझी भेटायची वेळ झाली होती, तपासणी चालू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दारातच सिस्टर मला रागावली आणि मी परत फिरलो.

अप्पा बाहेर आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, काही दिसलं नाही.

सविता बाकड्यावर माझ्या शेजारी बसली. मला ती दादा म्हणते. "दादा, आईचे हाल बघवंनात," ती म्हणाली. "सकाळी घरी नेऊ. तिच्या घरात तरी असंल." तिनं फोन करून सकाळची गाडी ठरवली. मी हो म्हणालो. पोरीचं चुकत नव्हतं. मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी चहावाल्यावर काढला. चहा गार आहे म्हणून.

चारच्या सुमाराला अप्पा आले. हातात वही. चष्मा कपाळावर, भस्म पुसलेलं. माझ्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, सकाळी तुम्ही दारात आलात तेव्हा खाकरला होता का?

मला वाटलं आता हीही तक्रार. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की असेन, सवय आहे. आमचे वडील घरात शिरताना दारात खाकरायचे, आजोबाही. आत लेकीसुना असतात, त्यांना कळावं कुणी आलं, पदर सावरावा, म्हणून. त्यात काय गुन्हा झाला?

गुन्हा नाही, ते म्हणाले. आणि माझ्या शेजारी बसले. "घरात तुमी त्यांना काय म्हणून हाक मारता?"

आमच्या वेळी बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. पोरं झाल्यावर सवितेची आई म्हणायचो, तेही दुसऱ्यांशी बोलताना. तिला थेट काही म्हणायचं असलं तर नुसतं म्हणायचो. पाणी दे. डबा झाला का. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. पंचफुला हे नाव मी कागदांवर लिहिलं होतं, तोंडानं कधी घेतलं नव्हतं. दवाखान्याच्या फॉर्मवरही मीच लिहून दिलं होतं, आणि तेच घेऊन अप्पांनी तिला हाका मारल्या होत्या.

"कुणी घेतलंच न्हाई तिचं नाव," मी म्हणालो. "माहेरचं कुणी उरलं न्हाई."

अप्पांनी वही उघडली. ११.३१ नावानं हाक. ११.३४ टाळी. ११.३६ चिमटा. ११.३८ मुलीची हाक. ११.४२ नवरा दारात आला, खाकरला. त्या वेळी एक तार सुटली होती, ती त्यांनी एका हातानं दाबून धरली होती आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहीत होते, म्हणून स्क्रीनकडं पाठ होती. आता रिपोर्ट लिहिताना त्यांनी वही आणि रेघा शेजारी ठेवून बघितल्या. ११.४२ ला संथ लाटा मोडल्या होत्या. चार सेकंद.

तार सुटली होती म्हणता, म्हणजे तीच हलली असेल, मी म्हणालो. मला आशा नको होती. चौदा दिवसांत मी ती जरा कुठं खाली ठेवली होती.

"आसंल," अप्पा म्हणाले. "म्हनूनच चला. ह्या खेपेला मला ठाऊक पायजे."

डॉक्टरीणबाईला त्यांनी बोलावून आणलं. पाच वाजता पुन्हा तारा लावल्या. दारात तिघांना उभं केलं. वॉर्डबॉयचं काम करणारे मामा, बाकड्यावरचे एक मानवतचे पाहुणे आणि मी. अप्पा आतून बोट दाखवतील त्यानं खाकरायचं. मामा खाकरले. पाहुणे खाकरले, उगाच लांबवून. मग बोट माझ्याकडं.

मला खाकरता येईना. आयुष्यात मी ते कधी ठरवून केलं नव्हतं. कसाबसा एक आवाज काढला, तो मलाच ओळखू आला नाही. आत सगळे स्क्रीनकडं बघत होते. डॉक्टरीणबाईनं हळूच मान हलवली. नाही. पुन्हा एकदा केलं. नाही.

सविता भिंतीला टेकली होती. मला वाटलं संपलं, माझ्याच घशात संपलं.

अप्पा उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, खाली जा. गेटाच्या बाहेर जा, टपरीपाशी थांबा, आणि घरी यायलाव तसं या. मी काही मोजत बसणार नाही, तुम्हीही बसू नका.

मी खाली गेलो. टपरीपाशी उभा राहिलो. रस्त्यावर ऊन उतरलं होतं, एसटी स्टँडकडं जाणारी माणसं, शाळा सुटलेली. माझ्या मनात काहीच नव्हतं. वीजघरातून सुटून घरी यायचो तेव्हाही याच वेळेला यायचो. उतारावरून आमचं क्वार्टर दिसायचं, धूर दिसायचा. जिना चढताना मला खरंच घरी जातोय असं वाटलं. दारात चपला काढल्या, एकावर एक चढली ती पायानं सरळ केली, आणि खाकरलो.

आत काय झालं ते मला सवितेच्या तोंडावरून कळलं. तिनं पदर तोंडात घातला होता.

डॉक्टरीणबाईनं मला आणखी तीनदा खाली पाठवलं. मध्ये मामांनाही पाठवलं, त्यांना माझ्यासारख्याच चपला काढायला लावल्या. ती खात्री झाल्याशिवाय बोलणारी नव्हती. शेवटी मला स्क्रीनपाशी बोलावून अप्पांनी दोन ठिकाणं दाखवली. मामा खाकरले तिथं कानाजवळच्या एका तारेवर बारीकशी थरथर होती, तिथंच उठलेली आणि तिथंच विरलेली. मी खाकरलो तिथं ती कानाजवळ उठली, शेजारच्या तारेवर गेली, मग कपाळाकडं, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग सगळ्याच रेघांची संथ लाट मोडून गिचमिड झाली.

"मामाचं ऐकलं," अप्पा म्हणाले. "तुमचं ओळखलं. एका कोपऱ्यात वाजलं तर नुसता आवाज. घरभर निरोप गेला तर कुनीतरी हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाली, एवढं सोपं नसतं ते. मग म्हणाली, पण सकाळची गाडी रद्द करा.

मी तिथंच खाली बसलो. मला सांगायला लाज वाटत नाही, मी रडलो. आनंद होता, पण शरम जास्त होती. एक्केचाळीस वर्षांत मी त्या बाईला नावाची एक हाक दिली नव्हती. दिलं होतं ते दारातलं खाकरणं. तिनं तेवढ्याच्या आधारावर आत, इतक्या खोल जागी, माझी वाट धरून ठेवली होती.

पुढचे दिवस मी रोज चारदा, पाचदा घरी आलो. म्हणजे टपरीपासून वॉर्डपर्यंत. सिस्टरनं रागवायचं सोडलं. अठराव्या दिवशी तिचे डोळे उघडून माझ्या बाजूला वळले. विसाव्या दिवशी तिनं सवितेचं बोट धरलं. बोलणं मात्र नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, येईल किंवा येणार नाही, काही सांगता येत नाही. मी तोवर नावानं हाक मारायचा सराव केला होता. कानाशी वाकून पंचफुला म्हणालो, तर तिनं दाराकडं बघितलं, कुणी दुसरी बाई आली का म्हणून.

तेविसाव्या दिवशी अप्पांनी तिसरी पट्टी काढली. या वेळी त्यांच्या खोलीत, खुर्चीवर बसवून. डोकं धुऊन झालं, तारा लागल्या, पडदा ओढला, पंखा एकवर. मी औषधं आणायला खाली गेलो होतो. परत आलो, दारात चपला काढल्या, आणि सवयीनं खाकरलो.

तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. थरथरत खांद्यापर्यंत आला आणि तिथं नसलेला पदर ओढून घेतला. मग ती सवितेकडं बघून, झोपेतून बोलावं तसं बोलली.

"आले."

अप्पांनी वहीत लिहिलं, ते मी बघितलं. ४.०५ नवरा खाकरला. बाई म्हणाल्या: आले. अक्षर जरा वाकडं आलं होतं. थोड्या वेळानं, सविता तिला पाणी पाजत असताना, मी त्यांना विचारलं, त्या क्षणी रेघा कशा होत्या? टाळ घेऊन बसलेली ती सगळी माणसं आत जागी झाली असतील, ती दिसली का?

अप्पा पेन्सिलीचं टोक अंगठ्यानं चाचपत होते. मशीनमध्ये सगळं असेल, ते म्हणाले, कधीही काढून बघता येईल.

"मी न्हाई बघितलं," ते म्हणाले. "मी त्यांच्याकडं बघत होतो."